गाडी कुणाच्या नावावर?

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभेत दरवेळी कुणी अहिल्याबाईंवर बोलतं, कुणी नाट्यसंगीतावर, कुणी मधुमेहावर. या वेळी सचिवांनी आम्हा चौघांना धरलं. आम्ही म्हटलं, आम्हाला बोलता येतं ते फक्त जुन्या मोटारसायकलींवर. ते म्हणाले, "मग त्यावर बोला. पण चहा थंड व्हायच्या आत संपवा."

आम्ही चौघं म्हणजे राजवाड्याच्या मागच्या एका वाड्यात वाढलेली चार पोरं. दोघं सख्खे भाऊ, दोघं समोरच्या खोल्यांतले. आज एक राज्य सरकारच्या नोकरीत आहे, एक बँकेत, एक शाळेत शिकवतो आणि एकाची प्रेस आहे. चौघांच्या वतीने बोलायला सरकारी नोकराला उभं केलंय. नस्ती हातात असल्याशिवाय आम्हा सरकारी लोकांना बोलता येत नाही, म्हणून भाषण लिहून आणलं आहे.

आधी एक विचारतो. ज्यांच्या घरी कधी काळी राजदूत, येझदी, जावा, बुलेट किंवा यामाहा होती त्यांनी हात वर करावा. बघा, अर्धी सभा. आता ज्यांच्या घरी ती अजून आहे त्यांनीच हात वर ठेवावा. तीन. मधले सगळे हात कुठे गेले, त्याचीच ही गोष्ट आहे.

सुरुवात येझदीपासून करू. आमच्या मास्तरांच्या काकांची ती गाडी. जावा साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला बनू लागली. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. पुढे १९७३ पासून तिथल्याच गाड्या येझदी नावाने आल्या आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. इंजिन अडीचशे सीसीचं, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. त्यामुळे गाडी उभी असली तरी पाहणाऱ्याला वाटायचं की हिच्यात काहीतरी जास्तीचं आहे. तिची गंमत अशी की किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची, दांडा फिरवून पुढे करायचा आणि त्याच दांड्याने गिअर टाकायचा. परक्या माणसाला ही गाडी सुरू करून पुढे नेता येत नसे. काका चावी तशीच ठेवून भाजी घ्यायला जायचे.

याच येझदीने एकदा आमच्या वाड्याच्या गणपतीत इतिहास घडवला. काका घाईत होते. किक अर्धवट मारली, पाय मागे फेकला गेला आणि गाडी सुरू झाली. काकांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी निघाली ती मागे. मागे मांडव, मांडवाशेजारी प्रसादाच्या परातीवर बसलेल्या आमच्या आज्या. मांडवाचा एक बांबू गेला आणि शिरा वाचला. त्या दिवशी अर्ध्या वाड्याने ठरवलं की काकांनी काहीतरी घेतलंय. काकांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नव्हती.

पुढे पॉलिटेक्निकमध्ये कळलं की काका निर्दोष होते. त्या टू स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा पिस्टनच उघडतो आणि मिटतो. तो खाली जातो आणि वर येतो, उलटं फिरताना त्याला काही वेगळं वाटत नाही. ठिणगी पडताना इंजिन उलटं फेकलं गेलं तर ते उलटंच फिरत राहतं आणि गाडी इमानाने मागे जाते. हे आम्ही काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे तू वाड्यातल्या प्रत्येक घरी जाऊन सांग." आम्ही गेलो होतो.

दुसरी गाडी बुलेट. ती आमच्या प्रेसवाल्याच्या वडिलांची, महूच्या लष्करी लिलावातली. मद्रासला १९५५ पासून ही गाडी बनते आहे आणि लष्कर तिचं जुनं गिऱ्हाईक. आजची बुलेट बटणावर सुरू होते. त्या बुलेटला सुरू करायचं म्हणजे जवळजवळ पूजा होती. टाकीपुढच्या अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवायची. किक हळूहळू दाबत काटा मधोमध आणायचा. मग डाव्या हाताखालचा छोटा दांडा दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, दांडा सोडायचा आणि मग मनापासून एक किक. यातली एक पायरी चुकली की किक उलटी यायची. प्रेसवाल्याच्या वडिलांचा घोटा पावसाळ्यात दुखतो, तो संधिवात नाही, १९८७ साल आहे.

शिवाय तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. बाकी गाड्यांचं नेमकं उलट. प्रेसवाला वडिलांची बुलेट चालवून शिकला आणि एक दिवस त्याने आमच्या धाकट्याची यामाहा घेतली. राजवाड्यापुढे एक हातगाडी आडवी आली. डावा पाय सवयीने ब्रेक म्हणून दाबला, तो पडला गिअरवर. सीताफळांचे पैसे चौघांनी मिळून भरले आणि सीताफळं चौघांनी मिळून खाल्ली.

ती यामाहा म्हणजे आरएक्स १००. इंजिन अठ्ठ्याण्णव सीसीचं, ताकद अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद हे गणित त्या काळी दुसऱ्या कुणी मांडलं नव्हतं. १९८५ ते १९९६ अशी अकरा-बारा वर्षं ती बनली. आमच्या धाकट्याने ती जुनी घेतली १९९९ मध्ये, पहिल्या पगारातून नव्हे, पहिल्या बारा पगारांतून. आज चांगल्या राखलेल्या आरएक्सचे लाखाच्या वर मागतात. धाकट्याने ती २००६ मध्ये विकली तेव्हा मिळालेल्या पैशांत वॉशिंग मशीन आलं. ते मशीनही आता नाही. वहिनी समोर बसल्या आहेत, तेव्हा हा विषय इथेच थांबवतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुन्या गाड्या चांगल्या आणि आताच्या वाईट. तसं आम्ही म्हणणार नाही. आम्ही आठवणी काढतो तेव्हा चांगलंच काढतो, पण त्या गाड्यांचे ब्रेक म्हणजे केवळ विनंती अर्ज होते. पावसात तर अर्ज फेटाळलाच जायचा. टू स्ट्रोकचा निळा धूर आमच्या मागे बसणाऱ्यांनी आणि मागून येणाऱ्यांनी वर्षानुवर्षं गिळला. दोन हजार सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि या गाड्या गेल्या, ते योग्यच झालं. हेल्मेट तर आम्ही आरशाला टांगायचो. आज १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस असतं, २०१९ पासून ते सक्तीचं आहे. आमच्या मुलांना आम्ही तीच गाडी घेऊन दिली आहे आणि हेल्मेट डोक्यावर नसेल तर चावी मिळत नाही.

मग आम्हाला आठवतं ते काय? १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. तिची जाहिरात ज्येष्ठांना आठवत असेल. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. फोर स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको, एका लिटरमध्ये डोळे फिरावेत एवढं पळायची. आणि खरोखर, लोक विसरून गेले. आमच्या चौघांच्याही घरी अशा गाड्या होऊन गेल्या. त्यातली एकही आम्हाला नीट आठवत नाही. तिने कधी त्रासच दिला नाही.

त्या आधीच्या गाड्या विसरू देत नसत. पंपावर पेट्रोलबरोबर मोजून टू टी ऑइल घालायचं, आमच्या राजदूतला लिटरमागे चाळीस मिली. प्लग काळा पडला की काढायचा, घासलेटात धुवायचा, पॉलिश पेपरने घासायचा. पॉइंटमधली फट पाहायची. सायलेन्सरच्या आतली नळी काजळीने भरली की ती काढून भट्टीत लाल करायची. गाडी ज्याची, त्याला तिच्या पोटात काय चाललंय ते माहीत असायचं. नाही कळलं तर वाड्यात कुणाला तरी कळायचं, आणि तो माणूस रविवारी सकाळी बनियनवर येऊन बसायचा.

आमच्या वाड्यात तो माणूस म्हणजे अण्णा. अण्णा आम्हा दोघा भावांचे वडील, पण चौघांचेही अण्णाच. ते कापड गिरणीत कामाला होते. त्यांची गाडी राजदूत.

राजदूत म्हणजे फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची. मूळ आराखडा पोलंडचा, इथे १९६२ पासून बनू लागली. पावणेदोनशे सीसी, गिअर तीन, पळ यथातथा. 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरने चालवली ती छोटी राजदूत वेगळी, ती तरुणांची. आमची ती दूधवाल्यांची. उत्तरेकडे ज्याला रोज कॅन लादून कच्च्या रस्त्याने यायचं तो राजदूत घ्यायचा, कारण ती लवकर मोडायची नाही आणि मोडली तरी गावातला लोहारसुद्धा तिला उभी करायचा.

त्या राजदूतवर आम्ही एकदा महेश्वरला गेलो. अण्णा, मागे आई, मध्ये मोठा, टाकीवर धाकटा. आज असं कुणी दिसलं तर आम्हीच ओरडू. महू सोडलं, जाम दरवाजाच्या अलीकडे चढावर गाडी फट फट करून बंद पडली. अण्णांनी उतरून रुमाल अंथरला, प्लग काढला, आमच्या हातात दिला आणि चटका बसल्यावर म्हणाले, "आता लक्षात राहील गरम असतो ते." मग प्लग घासता घासता त्यांनी सांगितलं की गाडी बंद पडायच्या आधी अर्धा मैल बोलत असते. आपण गप्पा मारत असतो म्हणून ऐकू येत नाही. ते स्वतः वाड्याच्या दरवाज्यातून आत येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचे, याचा पॉइंट गेलाय, याची चेन सैल आहे. आम्हाला वाटायचं हा चमत्कार आहे.

नव्वदच्या दशकात इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हे या सभागृहात समजावून सांगायला नको. निम्म्या घरांनी ते पाहिलं आहे. अण्णांची गिरणीही गेली. ते एका दुकानात हिशेब लिहू लागले. १९९४ च्या जूनमध्ये मोठ्याला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला आणि त्याच महिन्यात राजदूत विकली गेली.

घेतली कुणी, तर आमच्याच दूधवाल्याने. महूच्या पुढच्या एका गावातून ते रोज पहाटे छोट्या लाइनच्या गाडीने यायचे. डब्याच्या खिडक्यांना बाहेरून कॅन टांगलेले असायचे, ते दृश्य पुष्कळांना आठवत असेल. व्यवहार सात हजारांचा ठरला. चार हजार रोख आणि तीन हजारांचं दूध. तेव्हा लिटरचा भाव आठ रुपये होता. म्हणजे रोज एक लिटर असं तीनशे पंच्याहत्तर दिवस. मोठ्याची फी चार हजारांतून भरली आणि आम्ही उरलेली राजदूत वर्षभर प्यायलो.

आम्ही म्हणजे सगळे नाही. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने त्या दुधाला वर्षभर तोंड लावलं नाही. एकदा चारचौघांत तो अण्णांना म्हणाला, "दुधासाठी गाडी विकली तुम्ही." अण्णा काही बोलले नाहीत. मोठाही काही बोलला नाही, आणि त्याला बोलायला हवं होतं. कारण गाडी दुधासाठी विकलेली नव्हती, कशासाठी विकली ते त्याला नेमकं माहीत होतं. आज जी नोकरी सांगून आम्ही इथे उभे आहोत, ती त्या गाडीच्या चार हजारांवर उभी आहे.

पुढे हप्ता संपला, पिशवीचं दूध आलं, वाडा सुटला. दूधवाले काका दिसेनासे झाले. राजदूतचं नाव घरात निघेना.

अण्णा २०१७ च्या थंडीत गेले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचं लोखंडी कपाट आवरताना हिशेबाच्या वह्या निघाल्या. अण्णा रोजचा हिशेब लिहीत, कोथिंबिरीसकट. आम्ही चौघं पानं उलटत बसलो होतो. १० जुलै १९९५ च्या पानावर होतं: 'दूध ३७५ लिटर पूर्ण. राजदूतचा हिशेब मिटला.' त्याखाली रेघ. आम्हाला वाटलं संपलं.

पण बँकवाल्याला पानं उलटायची सवय. त्याच वर्षी दिवाळीनंतर एक नोंद सापडली. 'महू रेल्वे जाऊन-येऊन. प्लग १. पॉइंट सेट १.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी 'क्लच वायर'. २०१२ पर्यंत दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस महू आणि एखादा सुटा भाग. अण्णा घरी सांगायचे की महूच्या जुन्या मित्राला भेटून येतो. आमच्याकडे गाडी नव्हती आणि अण्णा सतरा-अठरा वर्षं प्लग विकत घेत होते.

त्या दिवाळीनंतर आम्ही चौघं गेलो. गावाचं नाव आठवत होतं, घर विचारत सापडलं. दूधवाले काका खाटेवर बसलेले, थकलेले, पण ओळखलं त्यांनी. अण्णा गेल्याचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग उठून आम्हाला गोठ्याशेजारच्या छपराखाली घेऊन गेले. राजदूत उभी होती. रंग दोनदा बदललेला, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे, सीटवर गोणपाट. मोठ्याने टाकीला हात लावला. धाकटा लांबच उभा राहिला.

काकांनी सांगितलं ते असं. गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी ऑइलचे पैसे वाचवायला पेट्रोलमध्ये कमी ऑइल घातलं आणि पिस्टन धरला. त्यांना वाटलं आपण फसलो. ते अण्णांना सांगायला गेले. अण्णा रविवारी महूला आले, इंजिन उतरवलं, सगळं नीट केलं, ऑइलवरून चांगलं फैलावर घेतलं आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वर्षी न बोलावता आले. मग येतच राहिले. येताना पिशवीत प्लग असायचा. आधी गाडी सुरू करायला लावायचे, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायचे, मग पाना मागायचे. काका दरवेळी म्हणायचे, एक चक्कर मारून या. अण्णा कधी बसले नाहीत. म्हणायचे, "नहीं, गाड़ी तुम्हारी है।"

हे सांगून काकांनी आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आरसी बुक आणलं. त्यावर नाव अण्णांचं होतं. चोवीस वर्षं कुणी नाव बदललंच नव्हतं. काका म्हणाले, "कागज़ में तो अन्ना साब की ही है। आप लोग ले जाओ।" त्यांचा मुलगा मागे उभा होता. तो आता बटणाच्या गाडीवर दूध नेतो. तोही म्हणाला, घेऊन जा.

आम्ही बाहेर अंगणात येऊन भांडलो. प्रेसवाला म्हणाला, घेऊ या, चांगले पैसे देऊ. धाकटा म्हणाला, पैसे कशाला, नाव अण्णांचं आहे, गाडी आपली आहे. इतक्या वर्षांनी तो 'आपली' म्हणाला. मास्तरांनी फक्त विचारलं, "१० जुलै १९९५ ला काय लिहिलंय?"

राजदूतचा हिशेब मिटला, असं लिहिलं होतं. अण्णांच्या हातचं. त्यावर कुणाला काही बोलता येईना.

निघताना काकूंनी स्टीलचे चार पेले आणले, वर साय आलेलं दूध. धाकट्याने पेला घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. आम्ही तिघांनी दुसरीकडे पाहिलं.

आता यापुढचा भाग सरकारी नोकराचा आहे आणि तो कान देऊन ऐकावा, कारण तुमच्यातही बऱ्याच जणांच्या विकलेल्या गाड्या अजून तुमच्याच नावावर असतील. आपण सही करून कोरे फॉर्म देतो, पैसे घेतो आणि घरी येतो. गाडी विकत घेणारा ते फॉर्म फडताळात ठेवतो. उद्या त्या गाडीने अपघात केला आणि विमा नसला, तर भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदणीवर आहे त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं आहे. म्हणजे अण्णा चोवीस वर्षं अशा गाडीचे मालक होते, जिच्यावर बसायलाही ते तयार नव्हते, आणि जिचा एखादा अपघात आमच्या दारात येऊन उभा राहिला असता.

तेव्हा गाडी विकली की फॉर्म २९ आणि ३० भरा. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. हे सगळं आम्ही एका गाडीसाठी, एकाच दमात, चोवीस वर्षं उशिरा केलं. आईचं संमतिपत्र, भावांची शपथपत्रं, विमा, तपासणी, उशिराचा दंड. जन्मभर खिडकीच्या आत बसलेले आम्ही, खिडकीच्या बाहेर उभे राहिलो. ते एकदा प्रत्येक सरकारी माणसाने करावं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आमच्या टेबलासमोर एक खुर्ची ठेवली आहे.

या कागदपत्रांत एक टप्पा असा आला की गाडी आधी वारसाच्या नावावर होते आणि मगच पुढे देता येते. म्हणजे काही आठवडे राजदूत कायद्याने आमची होती. तपासणीसाठी ती इंदूरला आणली होती, आमच्याच दारात उभी होती. धाकटा रोज संध्याकाळी येऊन तिच्याकडे बघायचा. आम्ही त्याला म्हटलं, अजून विचार बदलता येईल. तो म्हणाला, "नको. प्लग बदलून देऊ या फक्त."

तो प्लग त्याने स्वतः बदलला. मग दोघं भाऊ तिच्यावरून महूला गेलो, बाकीचे दोघे मागे गाडी घेऊन. काकांच्या नावाचं आरसी कार्ड त्यांच्या हातात दिलं. आता दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस आम्ही चौघं तिथे जातो, पिशवीत प्लग घेऊन. आधी गाडी सुरू करायला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. खरं सांगायचं तर अण्णांना जे ऐकू यायचं ते आम्हाला अजून पूर्ण ऐकू येत नाही. पण काका पुन्हा पुन्हा म्हणतात तरी आम्ही चक्कर मारत नाही.

आता दोन सूचना करतो आणि बसतो. पहिली, येत्या दसऱ्याला मंडळाच्या अंगणात जुन्या गाड्यांची पूजा करावी. सुरुवातीला ज्या तिघांनी हात वर ठेवले होते त्यांनी आपापल्या गाड्या आणाव्यात. सुरू होत नसली तर ढकलत आणा, आम्ही चौघं बनियनवर हजर असू. झेंडूचे हार प्रेसवाल्याकडून.

दुसरी सूचना, ज्यांनी मध्येच हात खाली केले त्यांच्यासाठी. घरी जाऊन कपाट बघा. तुमची गाडी कुणाकडे गेली, कशासाठी गेली, तेव्हा कुणाची फी होती, कुणाचं लग्न होतं, ते ज्याने विकली त्याला विचारा. तो अजून विचारण्याजोगा असेल तर आजच विचारा. आम्ही विचारलं नाही, आम्हाला हिशेबाच्या वहीतून काढावं लागलं.

चहा थंड झाला असेल तर क्षमा असावी. गणपती बाप्पा मोरया!